जुन्या फाईलमध्ये नसलेलं पाणी

अकोल्याच्या आमच्या घरात पिण्याच्या पाण्याची दोन मडकी होती. एक खिडकीजवळ, तिवईवर, नळाच्या पाण्याचं. ते बाबांचं, माझं आणि आल्यागेल्याचं. दुसरं ओट्याच्या खाली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. ते एकट्या आईचं, आणि त्यात गावच्या बोअरचं पाणी असे. आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथलं जमिनीखालचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहात दूध घातलं तर ते फाटणार नाही याचा भरवसा नसतो. गाव सोडून शहरात आलेला माणूस गोडं पाणी पिऊन सुखावतो म्हणतात. आई सुखावली नाही. तिचं माहेरही त्याच पट्ट्यातलं, जन्मापासून जिभेवर तेच पाणी. स्वयंपाक ती नळाच्या पाण्यात करायची, कारण डाळ शिजायला हवी. पण तहान लागली की ओट्याखाली वाकायची. "या नळाच्या पाण्याले काई चवच नाही वो," ती म्हणायची. "पेलं तरी पेल्यासारखं वाटत नाही."

ते पाणी बाबा आणायचे. ते एका कृषी केंद्रात कामाला होते, आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर चक्कर मारायला गावी जायचे. संध्याकाळच्या एसटीनं परत येताना त्यांच्या मांडीवर पाण्याची कॅन असे. एकदा मी बरोबर होते. कंडक्टर ओळखीचा होता. तो तिकीट फाडत म्हणाला, "काकाजी, लोकं अकोल्याहून गोडं पानी गावाले नेतात. तुमी उलटं काहून करून राहिले?" सगळी बस हसली. बाबाही हसले. "घरच्या मानसाले हेच लागते, भाऊ. काय करता?" घरी आल्यावर चपला काढायच्या आत ते कॅन ओट्यावर ठेवायचे. आई पितळी पेला भरायची आणि उभ्या उभ्या, डोळे मिटून, घटाघट प्यायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाबा दारातच थांबून बघायचे. माझ्या आईवडिलांना एकमेकांशी चार गोष्टी बोलत बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. त्यांचं जे काही होतं ते बहुधा त्या पेल्याभोवतीच होतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हींच्या मधे मी गप्प. शाळेत बाई फळ्यावर प्रश्न लिहायच्या आणि त्याच्याखाली उत्तरही लिहायच्या. आम्ही ते उतरवून घ्यायचो, पाठ करायचो, आणि परीक्षेत तसंच्या तसं उमटवायचो. मला ते छान जमे. पाठांतराला बोलावं लागत नाही, कोणाकडे मान वर करून बघावं लागत नाही. मला प्रश्न पडत नसत असं नाही. पण प्रश्न आपणही विचारायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारपाजारी आईला विचारायचे, "पोरगी मुकी हाये का वो तुमची?" आई भाकर थापता थापता म्हणायची, "मुकी नाही, इंग्लिश आहे."

एम.एस्सी.ला मी अमरावतीला गेले. विषय रसायनशास्त्र. तिथे मुलींच्या वसतिगृहात माझ्या खोलीत सादिया होती. अंजनगाव सुर्जीची, घरचा केळीचा व्यापार. सुट्टीहून येताना ती केळीचा अख्खा फणा पिशवीत घालून आणायची आणि मजला भरून वाटायची. तिला शांतता सहन व्हायची नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं मला खोलीच्या मधोमध उभं केलं. "हे पाय, मी एकटी बोलून बोलून मरून जाईन. तू बोलत काहून नाही वो? तोंडात गिला वडा आहे का?" मी हसले. तिच्याशी माझी मैत्री झाली ती अशी, मी हसून आणि तिनं बोलून.

विद्यापीठातलं शिक्षण मला शाळेपेक्षा वेगळं वाटलं नाही. प्रयोगशाळेत तर मुळीच नाही. आमच्याकडे एक रीत होती, आणि ती लपूनछपून चालत नसे. वरच्या वर्गातल्या मुलींच्या जुन्या फाइली खाली येत. प्रत्येक प्रयोगाचं उत्तर त्यात असे. आधी उत्तर बघायचं, मग त्यावरून मागे हिशोब करत ब्युरेटचं, म्हणजे मोजखुणांच्या काचेच्या नळीचं, रीडिंग किती यायला हवं ते काढायचं, आणि मग ते "घ्यायचं". याला आम्ही रीडिंग बसवणं म्हणायचो. सर आकडे बघून मान डोलवायचे. त्यांनीही त्यांच्या काळी बसवलेच असतील. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती हसतात, कारण तीही बसवतात.

दुसऱ्या वर्षाला मी गेले त्या सुमारास आईचा चेहरा सकाळी सुजलेला दिसायला लागला. मग पाय. पायातले पैंजण रुतायला लागले म्हणून तिनं ते काढून कपाटात ठेवले. बाबांनी तिला अकोल्यात डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पुढच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि मी अमरावतीहून पोचले तोवर ती डायलिसिसच्या खोलीत होती. काचेतून तिचा एक हात दिसत होता. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" बाबा म्हणाले, "गावचं." "गाव कुठलं?" बाबांनी गाव सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. "बंद करा ते," एवढंच म्हणाले. बास. पण मी त्या वेळी बाबांचा चेहरा बघत होते. मला माणसांचे चेहरे बघायची सवय आहे, न बोलणाऱ्यांना असते.

आम्ही खाली चहाच्या टपरीवर गेलो. बाबांनी चहा घेतला आणि प्यायला नाही. मग ते म्हणाले, "बाई, तू तिकडं पान्याबिन्याचंच शिकते ना?"

"केमिस्ट्री, बाबा. पाणीही येतं त्यात."

"मंग सांग मले. त्या पान्यानंच झालं का हे?"

आयुष्यात मला कोणी खरोखरचा विचारलेला तो पहिला प्रश्न. तोवरचे सगळे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असलेले होते. बाबांना ठाऊक नव्हतं आणि ते जाणून घेतल्याशिवाय त्यांना पुढे जगता येणार नव्हतं. मांडीवर धरून कोणी आणलं होतं ते पाणी? मी म्हटलं, "बघून सांगते." त्यांनी मान हलवली, जणू मी आत जाऊन उत्तर घेऊनच येणार होते. घरी गेल्यावर त्यांनी ओट्याखालचं मडकं काढलं, मागच्या अंगणात नेलं आणि रिकामं करून भिंतीशी पालथं घातलं.

त्याआधी त्यातलं बाटलीभर पाणी मी काढून घेतलं होतं. अमरावतीला परत गेले. पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे पाण्याचा खारेपणा, मोजायचा प्रयोग आम्हाला होताच, नळाच्या पाण्यावर करायचा. मी सरांकडे गेले. दारातून परत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि म्हटलं, "सर, मला घरचं पाणी घेऊन करायचं आहे." सर वाईट नव्हते. ते म्हणाले, "अहो, सिलॅबसमध्ये नळाचं आहे. उगीच कशाला?" मग माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. "दुपारी लॅब रिकामी असते तेव्हा करा. सिल्व्हर नायट्रेट जपून वापरा, महाग असतं."

हा प्रयोग ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाण्यात एक पिवळं द्रावण घालायचं आणि वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. पाणी आधी दुधाळ होतं, आणि क्लोराइड संपलं की एका थेंबात विटकरी रंग येतो. तिथे थांबायचं. नळाच्या पाण्याला तो लवकर येतो. आमच्या पाण्याला येईना. मी सोडत राहिले. फ्लास्क ताकासारखा दाट होत गेला, ब्युरेट खाली खाली जात रिकामी झाली, आणि रंग पिवळाच. सादिया शेजारी उभी होती. "बापरे! तुया गावात समिंदर हाये का वो?" ती म्हणाली. मी नेहमीसारखं जुनी फाईल उघडायला हात पुढे केला आणि माझ्या लक्षात आलं, यात काही नाही. कुठल्याच वर्षाच्या, कुठल्याच मुलीच्या फाईलमध्ये आमच्या बोअरचं पाणी नव्हतं. बसवायला रीडिंगच नव्हतं. पाण्यात उतरल्यावर पायाखाली तळ लागू नये तसं काहीतरी झालं.

त्या दिवसापासून मी शिकायला लागले असं आज मागे वळून म्हणता येतं. तेव्हा मात्र नुसतं चाचपडणं होतं. दाट पाणी आधी शुद्ध पाण्यानं पातळ करून घ्यायचं आणि उत्तर तितक्या पटीनं वाढवायचं, एवढी साधी गोष्ट मला ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात सापडायला दोन दिवस लागले. ती सापडली तेव्हा मी वाचनकक्षात तोंडावर हात ठेवून बसून राहिले. कोणी न सांगता मला काहीतरी कळलं होतं. मग ती चटक लागली, पण तिच्यात आनंद फारसा नव्हता. मी घाईनं वाचत होते. आई आठवड्यातून अर्धे दिवस त्या खोलीत पडून होती आणि बाबा काचेबाहेर.

वाचायचं काय, हेही ठाऊक नव्हतं. पाण्याचं वाचलं तर ते जमिनीकडे न्यायचं, जमिनीचं वाचलं तर मूत्रपिंडाकडे. मी भूगर्भशास्त्राच्या विभागात गेले, वैद्यकीय पुस्तकांत शिरले, अनोळखी प्राध्यापकांच्या दारात उभी राहिले. माझं शाळेतलं इंग्रजी पहिल्यांदा कामाला आलं आणि पहिल्यांदाच उघडं पडलं. मला प्रत्येक शब्द वाचता येत होता, वाक्य कळत नव्हतं. मी सवयीनं पानंच्या पानं उतरवून काढायची, आणि सादिया विचारायची, "काय लिहिलं?" मला सांगता यायचं नाही. एकदा ती चिडली. "इंग्लिश नको झाडू. माया अम्मीले सांगते तसं सांग." मी पुस्तक मिटलं आणि वऱ्हाडीत सांगायला लागले. अडखळले. जिथे अडखळले तिथे मला कळलेलं नव्हतं, इतकं ते स्वच्छ होतं. ती पलंगावर मांडी घालून केळं खात ऐकायची आणि मधेच म्हणायची, "हे नाही समजलं. पुन्हा सांग." मी पुन्हा पुस्तक उघडायची. माझं खरं विद्यापीठ ते होतं असं मी म्हणणार नाही, ते फार सोपं वाक्य होईल. पण आजही मला नवं काही कळलं की नाही हे मी आईच्या भाषेत मनातल्या मनात सांगून बघते.

सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की आधी काही दिसत नाही. उन्हात गेलं की काळे डाग उमटतात आणि कशानंही जात नाहीत, कातडी बदलेपर्यंत राहतात. ते डाग घेऊन मी अकोल्याला गेले. आई घरी होती. तिला दिवसाचं पाणी मोजून मिळायचं आणि ती ओलं फडकं ओठांवर फिरवत पडलेली असायची. बाबा आंबाडीची भाजी करायला शिकले होते, पण मीठ घालायचं नव्हतं, म्हणून ती नुसती आंबट लागायची. आईनं माझा हात धरला.

"हे काय लावून घेतलं वो?"

"प्रयोगाचं आहे आई. आपलं पाणी मोजून राहिले मी."

तिचे डोळे एकदम उजळले. कोणी माहेरची खबर आणावी तशी ती उठून बसली. "आपलं? बोअरचं? मंग, कसं निघालं?"

"खारं आहे," मी म्हटलं.

आई हसायला लागली. किती महिन्यांनी हसली. "ओ अहो," तिनं बाबांना हाक मारली, "ऐकलं का? पोरगी एमेस्सी शिकली अन् सांगते पानी खारं आहे म्हणून!" बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले, हातात पळी. ते हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की ते पुढच्या वाक्याची वाट बघतायत. माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

ते तयार होईपर्यंत आई थांबली नाही. उन्हाळा सुरू होता होता ती गेली. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा आत्यानं तिच्या तोंडात गंगेचं पाणी घातलं, तुळशीच्या पानानं, आणि मला वाटलं की हे पाणी तिच्या ओळखीचं नाही.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसायचा, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा आणि थोड्या वेळानं तेच म्हणायचा. "पान्याचं काई नसते जी. गावात सारेच पेतात. तिची दोरी तेवढीच होती." आमच्याकडे हा रिवाजच आहे. दुःखातल्या माणसाला खरं सांगत नाहीत, बरं वाटेल ते सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. बाबा प्रत्येकाला मान हलवून हो म्हणायचे. कोणाचंच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. दुपार होती. अंगणातला मांडव सोडून नेला होता आणि जमिनीत बांबूंची भोकं तेवढी राहिली होती. बाबा पायरीवर बसले होते. मी परातींचा ढीग आत नेत होते, तर त्यांनी मला खुणेनं बसवलं.

"बाई, निघालं का काई?"

काय ते विचारावं लागलं नाही. मी परात खाली ठेवली आणि सांगायला लागले. सादियाला सांगायची तसं, वऱ्हाडीत. आपल्या पाण्यात मीठ किती, ते कुठून येतं, पूर्वी तिथे काय असावं असं जाणकार म्हणतात. आपल्या पट्ट्यात हा रोग बराच दिसतो, आणि पाण्यावर संशय घेणारे शहाणे लोक आहेत. पण तेच पाणी जन्मभर पिऊन मोठे काका आजही नांगर धरतात. आणि आईच्या शेजारच्या पलंगावरची बाई अकोल्यातच जन्मली, गावचं पाणी तिनं कधी पाहिलंही नाही. आईचं ब्लड प्रेशर कितीतरी वर्षं कोणी मोजलंच नव्हतं. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून गोळ्या आणून खायची, त्यांनीही होतं. पाण्यात मिठाशिवाय आणखी काय काय आहे ते मोजायचं यंत्र माझ्यापाशी नाही. कोणी पुरेशी वर्षं, पुरेशा घरांत जाऊन बघितलेलं मला सापडलं नाही. एक एक गोष्ट मी सांगत गेले. कुठेच अडखळले नाही, म्हणजे मला ते कळलेलं होतं. जे कळलं होतं ते शेवटी एवढंच होतं.

"नक्की कोणालेच मालूम नाही, बाबा. मलेबी नाही."

त्यांनी विचारलं, "मालूम नाही, का सांगवत नाही?"

"मालूम नाही."

मी त्यांच्या नजरेला नजर देऊन म्हटलं. इतकं खरं मी त्याआधी कोणाशी बोलले नव्हते. पाठ केलेलं नव्हतं, बसवलेलं नव्हतं, कोणी दिलेलं नव्हतं. एका अख्ख्या वर्षात मी जे शिकले ते सगळं त्या दोन शब्दांत होतं. आणि मला दिसत होतं, बाबा ते शब्द घेऊन इतरांच्या शब्दांशेजारी ठेवत होते. आत्याच्या, काकांच्या, शेजाऱ्यांच्या. पोरगी शिकलेली आहे, तिला सगळं ठाऊक आहे, आणि बापाला दुखू नये म्हणून तिनं हे एवढं लांबलचक रचलं आहे.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हळूच थोपटलं. "शहाणी झाली वो तू," ते म्हणाले. "बापाचा जीव राखाले शिकली."

"बाबा, नाही. खरंच मले—"

"असू दे."

त्यानंतर त्यांनी मला ते कधीच विचारलं नाही. आता गावात नळाचं गोडं पाणी येतं, आणि नळ नाही आला तर जारची गाडी दारात येते. त्या पट्ट्यातलं पाणी मोजत फिरण्यात माझी पुढची वर्षं गेली. मला आज त्या दिवसापेक्षा पुष्कळ जास्त माहीत आहे. आईचं काय झालं ते माहीत नाही. सुरुवातीला सुट्टीत घरी गेले की मी विषय काढून बघायची. बाबा लक्ष देऊन ऐकायचे, मधे मधे मान हलवायचे, आणि शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची तीच कृतज्ञता असायची. मग मी तेही सोडून दिलं.

त्या दुपारी ते पायरीवरून उठले, गुडघ्यावर हात टेकवून, म्हाताऱ्यासारखे. आत गेले. पेला भरल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"पे," ते म्हणाले. "लय बोलली आज."